उवीया लावताय? या चुका टाळा

इक्वाडोरच्या उत्तरेला इम्बाबुरा प्रांतात कोटाकाची ज्वालामुखीच्या उतारावर किचवा लोकांची गावं आहेत. तिथे घराशेजारच्या शेताला चाक्रा म्हणतात, त्यात मका, घेवडा, बटाटा सगळं एकत्र आणि कडेला उवीया. उवीया म्हणजे आपल्याकडे रसभरी म्हणून मिळतं ना, कागदासारख्या टरफलातलं पिवळं फळ, तेच, आणि मूळ ते अँडीजचंच. मका वर्षातून एकदा निघतो पण उवीया सुरू झाली की जवळपास दर आठवड्याला तोडा येतो, म्हणजे वह्या, बसभाडं, तेल-मीठ यासाठी हातात रोख पैसे, त्यामुळे एक तोडा जरी सडला तरी तो थेट घरखर्चात जाणवतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बेवड, म्हणजे त्या जमिनीत आधी कोणतं पीक होतं ते, न बघता लागवड. बटाटा निघाला, जमीन भुसभुशीत आहे, लावून टाकू, असं होतं. पण उवीया बटाटा-टोमॅटोच्याच कुळातली, त्यामुळे रोग-किडीही बऱ्याच सारख्याच. मका, घेवडा किंवा तिकडचा चोचो (ही शेंगवर्गातली डाळ, जमिनीला नत्र देते) यांच्यानंतर लावा. झाड भर पाण्यातही मान टाकत असेल तर बुडाजवळ खोड आडवं कापून बघा. आतला कडेचा भाग तपकिरी दिसला तर बहुतेक फ्युजारियम बुरशीची मर (झाड वाळवणारा रोग) आहे, मग औषधाच्या मागे पैसे घालवू नका, झाड मुळासकट काढून जाळा आणि तिथली माती दुसऱ्या ओळीत नेऊ नका. कोलंबियात या मर रोगाने उवीयावाल्यांचं फार नुकसान केलंय.

दाट लावू नका, दोन झाडांत 2 मीटर तरी हवं, आणि तारेचा आधार द्याच. फांद्या जमिनीला टेकल्या की टरफल चिखलात भिजतं, आणि सगळी कमाई त्या टरफलातच आहे! हे मी परत परत सांगेन. टरफलासकट कोरडं ठेवलेलं फळ महिनाभर टिकू शकतं, सोललेलं मात्र काही दिवसांतच खराब व्हायला लागतं.

म्हणूनच पहाटेची तोडणी नको. अडीच हजार मीटर उंचीवर सकाळी सगळं दवाने ओलं असतं, बोटात धरलं तर टरफल मऊ, कापडासारखं लागतं. ते तसंच क्रेटमध्ये भरलं की आतून राखाडी बुरशी सुरू. ऊन वर येऊ द्या, टरफल वाजायला लागलं की तोडा, आणि ओढू नका, कात्रीने देठासकट कापा, ओढलं की टरफल फाटतं किंवा फळ बाहेर येतं. रंग हिरव्यावरून पिवळसर व्हायला हवा, हिरवं फळ तोडायचं नाही आणि खायचं तर अजिबात नाही. पाऊस आलाच मध्ये तर सावलीत, वारा लागेल अशा जागी एकच थर पसरून सुकवा, ढीग नको.

फळं तडकतायत? बहुतेक पाण्याचा घोळ असतो. जून ते सप्टेंबर कोरडं जातं, मग एकदम भरपूर पाणी दिलं की फळ आतून फुगतं आणि साल फाटते. थोडं थोडं, नियमित द्या, बुडाशी मक्याच्या ताटांचं आच्छादन घाला. कॅल्शियम आणि बोरॉन कमी पडलं तरी असंच होतं. तडकलेली फळं विकायच्या मालात मिसळू नका, एका फळाच्या रसाने अख्खं क्रेट चिकट होतं, त्यांचा त्याच दिवशी जाम करा.

पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली तर ते पिसूभुंगेरे, कोवळ्या रोपांवर लक्ष ठेवा. खोलगट जागाही टाळा, निरभ्र रात्री थंड हवा तिथेच साचते आणि सकाळी शेंडे काळे पडलेले दिसतात.

आणि भाव चांगला आला म्हणून मका काढून सगळीकडे उवीया लावणं, हे मला खरंच पटत नाही. भाव पडला तर उवीयाने पोट भरत नाही हो, चाक्रात मका-घेवडा असेल तर त्या महिन्यातही चूल पेटते. कडेच्या दोन-चार ओळी नीट सांभाळा, तेवढा तोडा घरच्या माणसांच्या हाताने निघतो, मजूर लावावा लागत नाही.