बिल, चलन आणि पेटीवरचा क्रमांक: मोठ्या दालनातून घराचे सामान कसे घ्यावे

आमच्या परभणी-जालन्याच्या पट्ट्यात घर बांधायला काढले की माणूस प्रथम ओळखीच्या हार्डवेअरवाल्याकडे जातो. तेथे वही असते, उधारी असते आणि उरलेले चार एल्बो बिल न दाखवताही परत घेतले जातात, कारण दुकानदाराला आपले वडील माहीत असतात. अलीकडे मात्र फरशी, कमोड, नळ, गिझर आणि दिवे एका छताखाली पाहायला मिळतात म्हणून लोक टेम्पो ठरवून छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडच्या मोठ्या दालनांकडे वळू लागले आहेत. तेथील गारवा चांगला, बोलणे गोड आणि निवडीला तोटा नाही. पण तेथे आपले वडील कोणालाच माहीत नसतात. सेलूतले घर बांधताना मी जे शिकलो, त्यातले बरेचसे या एका फरकातूनच शिकलो.

अशा दालनांची कल्पना मुळात अमेरिकेतली. होम डेपो या कंपनीने १९७९ मध्ये अटलांटा शहरात पहिली गोदामवजा दुकाने उघडली, ती प्रामुख्याने स्वतःच्या हाताने घर दुरुस्त करणाऱ्या गिऱ्हाइकासाठी. माल तोच निवडणार, तोच गाडीत भरणार, तोच बसवणार आणि चुकला तर तोच परत आणणार, असा तो हिशेब होता. आपल्याकडे माल निवडतात घरातले सगळे मिळून, पैसे मोजतो घरमालक, भरतो हमाल, आणतो टेम्पोवाला आणि पेटी उघडतो गवंडी. दोष दिसतो शेवटच्या हाताला आणि तक्रार करावी लागते पैसे देणाऱ्याला. मधल्या हातांनी काय पाहिले याची नोंद कोठेच नसते. दालनांशी होणारी बहुतेक भांडणे या मधल्या जागेत जन्मतात, त्यामुळे खरी काळजी तेथेच घ्यायची असते.

निघण्यापूर्वी गवंड्याला सोबत घेऊन प्रत्येक खोलीचे माप कागदावर उतरवावे आणि पेट्यांचा हिशेब घरीच करावा. दोन बाय दोन म्हणून विकली जाणारी फरशी प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची असते, म्हणजे पूर्ण दोन फूट नसते. चार फरश्यांच्या पेटीत १.४४ चौरस मीटर, अर्थात सुमारे साडेपंधरा चौरस फूट माल येतो. काउंटरवर मात्र तोंडी हिशेब पुष्कळदा सोळाने केला जातो. बारा बाय चौदाच्या खोलीचे १६८ चौरस फूट होतात. तुटफूट आणि काप यांसाठी दहा टक्के धरले तर १८५ च्या आसपास जातात आणि बारा पेट्या लागतात. एका खोलीत हा फरक जाणवत नाही, परंतु हजार चौरस फुटांच्या घरात सोळाच्या हिशेबाने दोन पेट्या कमी पडतात आणि त्या दोन पेट्यांसाठी पुन्हा दोन-तीन तासांची वाट तुडवावी लागते. शिवाय तोवर त्या बॅचचा, म्हणजे एकाच वेळी तयार झालेला आणि एकाच रंगछटेचा (शेडचा), माल संपलेला असतो, ते वेगळेच.

शक्यतो मधल्या वारी सकाळी जावे. रविवारी संध्याकाळी, तसेच पाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसऱ्याच्या आसपास दालनात इतकी गर्दी असते की अनुभवी कर्मचारी हाताला लागत नाही.

आत गेल्यावर समोरचा माणूस कोणाचा आहे हे आधी ओळखावे. नळांच्या किंवा गिझरच्या विभागात एखाद्या कंपनीचा टी-शर्ट घालून उभा असलेला तरुण पुष्कळदा दालनाचा नोकर नसतो. त्या कंपनीने आपला माल खपवण्यासाठी ठेवलेला तो माणूस असतो. त्याला मालाची माहिती उत्तम असते, पण परतावा, वाहतूक किंवा बदली यांबाबत त्याने दिलेला शब्द दालनाला बांधील वाटत नाही. ‘दादा, तुम्ही दालनाचे की कंपनीचे?’ असे सरळ विचारावे. त्यात कोणाला राग येत नाही. दालनाच्या नोकराचाही अधिकार मर्यादित असतो. संगणकात जे नाही ते तो करू शकत नाही आणि ‘साहेब, सिस्टिम घेत नाही’ हे वाक्य तो लबाडीने नव्हे, तर बहुतेक वेळा हतबलतेने उच्चारतो. त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नाही. ज्याच्या हातात निर्णय आहे त्या विभागप्रमुखाला किंवा स्टोअर मॅनेजरला बोलवा असे शांतपणे सांगावे. बिल फाटण्यापूर्वी असे बोलावणे फार लवकर मान्य होते, हेही अनुभवाने सांगतो.

बिल स्वतःच्या नावावर घ्यावे. कंत्राटदार कधी कधी आपल्या जीएसटी क्रमांकावर बिल करायला सांगतो, कारण त्याला त्यात कराचा लाभ दिसतो. पण मग कागदोपत्री खरेदीदार तो ठरतो आणि पुढे तक्रारीच्या वेळी आपले ग्राहकपण सिद्ध करता करता नाकी नऊ येतात. कच्च्या चिठ्ठीवर माल घेऊन कर वाचवण्याचा मोह तर पूर्णपणे टाळावा. वेष्टनावरील कमाल किरकोळ किमतीत सर्व कर धरलेले असतात, म्हणून त्या आकड्यावर वेगळा जीएसटी लावला जात असेल तर तेथेच हरकत घ्यावी. मोबाइल क्रमांक दिल्याशिवाय बिलच होणार नाही असा आग्रह ग्राहकाला करू नये, अशी सूचना केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना दिलेली आहे. खिळ्यांच्या पुडक्यासाठी मी क्रमांक देत नाही. मात्र गिझर किंवा फरशीसारख्या मोठ्या खरेदीत तो देणे आपल्याच सोयीचे असते, कारण बिल हरवले तर नोंद त्यावरूनच सापडते.

पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी बिलावर किंवा निदान दालनाच्या ईमेलवर लिहून घ्याव्यात: न उघडलेल्या पेट्या किती दिवसांत परत घेतल्या जातील, त्यात किती टक्के कापले जातील आणि परतीची वाहतूक कोण सोसेल. येथे कायदा काय देतो आणि काय देत नाही हे नीट समजून घेतले पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. त्यामुळे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी सदोष मालाच्या बाबतीत दालनाला वाचवू शकत नाही. परंतु माल निर्दोष आहे आणि केवळ रंग घरच्यांना आवडला नाही, अशा वेळी परतावा मिळतो तो दालनाच्या धोरणाने, आपल्या हक्काने नव्हे. या दोहोंची गल्लत करून काउंटरवर हुज्जत घालणारी माणसे मी अनेकदा पाहिली आहेत आणि एकदा मीही त्यांच्यात होतो.

आता माल उतरवून घेण्याचा प्रसंग. माझी सर्वांत महाग पडलेली चूक येथेच झाली, म्हणून तो जरा विस्ताराने सांगतो. मी एका दालनातून ६६ पेट्या फरशी घेतली. टेम्पो रात्री नऊला दारात आला, वीज गेलेली होती, हमालांना घरी जायची घाई होती आणि मी मोबाइलच्या उजेडात चलनावर, म्हणजे माल पोचल्याच्या कागदावर, सही करून टाकली. त्या चलनावर ‘माल चांगल्या स्थितीत मिळाला’ हे वाक्य आधीच छापलेले होते. आठवडाभराने बैठकीची फरशी दोन तृतीयांश बसून झाल्यावर संध्याकाळचे तिरपे ऊन आत आले आणि भिंतीलगतचा एक पट्टा किंचित पिवळसर दिसू लागला. पेट्या तपासल्या, तेव्हा ५७ पेट्यांवर एक बॅच क्रमांक होता आणि ९ पेट्यांवर दुसरा. टेम्पोवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, ‘काका, मला काय ठाऊक कोणच्या शेडचं हाय ते? चढवलं ते आणलं.’ त्याचे म्हणणे खोटे नव्हते. दालनाने मात्र पेटीवरची छापील ओळ दाखवली: फरशी बसवल्यानंतर शेडबाबत तक्रार ऐकली जाणार नाही. उघडलेल्या चार पेट्या माझ्या गळ्यात पडल्या. न उघडलेल्या पाच त्यांनी तीन आठवड्यांनी बदलून दिल्या, त्याही दुसऱ्याच बॅचच्या. शेवटी निजायच्या खोलीसाठी ठेवलेली फरशी काढून बैठक पुरी केली आणि निजायच्या खोलीत उरल्यासुरल्या शेडची भरती केली.

म्हणून माल दिवसाउजेडी मागवावा आणि तशी वेळ चलनावर लिहून घ्यावी. टेम्पोचे फाळके उघडताच, खाली एकही पेटी येण्यापूर्वी, पेट्यांच्या कडेवर छापलेले शेड आणि बॅच क्रमांक वाचावेत. ते सारखे नसतील तर वेगळ्या पेट्या उतरवूच नयेत. नंतर कोणत्याही चार-पाच पेट्या उघडून त्यांतील एकेक फरशी अंगणात उन्हात शेजारी-शेजारी मांडावी आणि दहा पावले मागे जाऊन पाहावे. जवळून न दिसणारा फरक लांबून लगेच दिसतो. कोपरे फुटलेल्या पेट्यांची संख्या सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहावी. मजकूर साधा असावा: ‘६६ पैकी ६४ पेट्या मिळाल्या. २ पेट्यांचे कोपरे फुटलेले, परत पाठवल्या. नमुन्याच्या पेट्या सोडून बाकी माल न उघडता ताब्यात घेतला, तपासणी व्हायची आहे.’ टेम्पोवाला कुरकुर करतो, पण या तीन वाक्यांमुळे छापील वाक्याचा जोर उतरतो. त्यानंतर चलनाचे आणि टेम्पोतील पेट्यांचे छायाचित्र काढावे.

सिमेंट घेताना पिशवीवरचा उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष वाचावे. तीन महिन्यांहून जुनी पिशवी स्वस्तात दिली तरी घेऊ नये, कारण हवेतल्या ओलाव्याने तिची ताकद घटत जाते. वायर आणि पाइप यांच्यावरील आयएसआय चिन्हासोबतचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

नळ, शॉवर आणि गिझर यांचा विचार आपल्या भागात वेगळा करावा लागतो. मराठवाड्यातल्या पुष्कळ घरांत वापराचे पाणी बोअरचे असते आणि ते जड असते. सहा महिन्यांत शॉवरची भोके पांढऱ्या क्षारांनी बुजतात आणि गिझरच्या कॉइलवर थर चढतो. दालनातल्या फलकावर ‘सात वर्षे वॉरंटी’ असे ठळक लिहिलेले असते, पण क्षारांमुळे झालेला बिघाड अनेक वॉरंटी कार्डांच्या बारीक अक्षरांत वगळलेला असतो. ते कार्ड पैसे भरण्यापूर्वी उघडून मागावे, घरच्या पाण्याची स्थिती स्पष्ट सांगावी आणि वॉरंटी टाकीला किती वर्षे, कॉइलला किती वर्षे, हे वेगवेगळे विचारावे. कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर आपल्या तालुक्यापर्यंत येतो की जिल्ह्याच्या ठिकाणीच थांबतो, हा प्रश्न तर किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. कार्डावर दालनाचा शिक्का आणि तारीख तेथेच मारून घ्यावी.

एवढे करूनही दोष निघाला तर सर्वप्रथम काम थांबवावे. एकीकडे बसवत राहायचे आणि दुसरीकडे तक्रार करायची, हे कोणी मान्य करत नाही. फोनवर बोलल्यास तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा आणि त्याच दिवशी ईमेल पाठवावा. मी वापरतो तो मसुदा असा: ‘अमुक तारखेच्या अमुक क्रमांकाच्या बिलान्वये घेतलेल्या फरशीच्या ९ पेट्या वेगळ्या बॅचच्या आढळल्या. छायाचित्रे सोबत जोडली आहेत. पेट्या न उघडता ठेवलेल्या आहेत. १५ दिवसांत त्या बदलून द्याव्यात अथवा रक्कम परत करावी.’ रागाचे एकही विशेषण घालू नये. असा ईमेल मॅनेजरला आपल्या वरिष्ठांकडे जसाच्या तसा पुढे पाठवता येतो आणि काम बऱ्याचदा त्यानेच होते. क्रेडिट नोट, म्हणजे रोख पैशांऐवजी त्याच दालनात वापरायची चिठ्ठी, देऊ केली तर तिची मुदत पाहावी. घराचे काम संपल्यावर त्या दालनातून घेण्यासारखे आपल्याकडे काही उरणार नसेल, तर सदोष मालाबद्दल रोख परताव्याचाच आग्रह धरावा.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथे मराठीतूनही बोलता येते. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती कंपनीकडे पाठपुरावा करते. तेवढ्यानेही न भागल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. दालन संभाजीनगरात असले तरी २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे माझ्या बाबतीत परभणीला, तक्रार दाखल करता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. ऑनलाइन दाखल करायची सोय आता ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावर आहे.

अर्जासोबत बिल, चलनाची प्रत, ईमेल आणि छायाचित्रे जोडावीच, पण शेड आणि बॅच क्रमांक छापलेला पेटीचा पुठ्ठाही जपून ठेवावा. बांधकामावर हे पुठ्ठे पहिल्याच दिवशी नव्या फरशीवर अंथरले जातात, नाहीतर दुपारच्या डुलकीसाठी मजुरांच्या अंगाखाली जातात. तेव्हा पेट्या उघडायच्या आधीच गवंड्याला सांगून प्रत्येक बॅचचा एक पुठ्ठा फाडून कपाटात ठेवावा.