गुंतवणूक व्यवस्थापनात करिअर करू पाहणाऱ्या ग्रामीण विदर्भातील तरुणांनो, या चुका टाळा

वरुड, दारव्हा, चिखली, तुमसर यांसारख्या तालुक्यांतील अनेक पदवीधर मुले-मुली आता स्पर्धा परीक्षांच्या बरोबरीने म्युच्युअल फंड, शेअर संशोधन आणि कुटुंबांच्या संपत्तीचे नियोजन या क्षेत्रांचा विचार करू लागली आहेत. त्यांनी या क्षेत्रात यावे असे मला मनापासून वाटते, कारण आपल्या गावांतील पैशाला जाणत्या आणि प्रामाणिक माणसाची फार गरज आहे. मात्र पहिल्या दोन-तीन वर्षांत होणाऱ्या चुका जवळजवळ सगळीकडे सारख्याच असतात. या धंद्याची रचना नीट समजून न घेताच त्यात उडी घेतल्यामुळे त्या होतात.

दोन वेगळी कामे एकच समजणे

मालमत्ता व्यवस्थापन म्हणजे हजारो गुंतवणूकदारांचा एकत्र झालेला पैसा शेअर, रोखे इत्यादींमध्ये गुंतवण्याचे काम. ते म्युच्युअल फंड कंपन्यांमध्ये चालते आणि त्यांतील बहुतेकांची मुख्य कार्यालये मुंबईत आहेत. संपत्ती व्यवस्थापनात समोर एक कुटुंब असते आणि त्याचे उत्पन्न, कर्ज, विमा, मुलांचे शिक्षण, वारसा हे सगळे पाहून त्याच्या पैशाची मांडणी करायची असते. पहिल्या कामाला ताळेबंद वाचण्याची आवड लागते, तर दुसऱ्याला माणसाचे ऐकून घेण्याची सवय लागते. आपला कल कुठे आहे हे न ठरवता मुले मिळेल तो अभ्यासक्रम घेतात. सीएफए या गुंतवणूक विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाची तीन पातळ्यांची परीक्षा इंग्रजीत असते आणि तिचे शुल्क डॉलरमध्ये भरावे लागते, त्यामुळे हिशेबशास्त्राचा पाया पक्का नसताना केलेली नोंदणी बहुधा वाया जाते.

संशोधनाच्या बाजूला जायचे असेल, तर मुलाखतीसाठी नमुना टिपण तयार करताना सगळे जण देशातल्या त्याच त्या मोठ्या कंपन्या निवडतात, आणि त्यांच्यावर नवे सांगण्यासारखे काही उरलेले नसते. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी मॉईल या नागपूरस्थित सरकारी कंपनीच्या आहेत आणि ती २०१० पासून शेअर बाजारात नोंदलेली आहे. त्या परिसरात वाढलेल्या मुलाने तिचे पाच वर्षांचे वार्षिक अहवाल वाचून उत्पादन, खर्च आणि पोलाद उद्योगाची मागणी यांवर दहा पाने लिहिली, तर त्याच्याशी बोलायला संशोधन प्रमुखाला निश्चित विषय मिळतो. असे टिपण मुलाखतीपुरतेच ठेवावे, कारण लोकांना शेअर सुचवण्यासाठी सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेकडे संशोधन विश्लेषक म्हणून स्वतंत्र नोंदणी लागते.

पहिल्या वर्षापासून घर चालेल असे धरणे

गावात राहून हे काम करू इच्छिणारे बहुतेक जण म्युच्युअल फंड वितरक होतात. त्यासाठी एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची पाच-अ ही परीक्षा उत्तीर्ण होऊन अ‍ॅम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेकडून एआरएन हा वितरक नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. परीक्षा अवघड नाही. अवघड असते ते उत्पन्नाचे गणित, आणि ते आधी कोणी मांडून दाखवत नाही. सेबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये गुंतवणुकीच्या वेळी एकरकमी मिळणारे कमिशन बंद केले, त्यामुळे आता ग्राहकाची रक्कम फंडात जितका काळ राहील तितका काळ थोडे थोडे कमिशन मिळते. समजा, ५० कुटुंबांनी दरमहा २,००० रुपयांची एसआयपी, म्हणजे बँक खात्यातून आपोआप फंडात जाणारा ठरावीक हप्ता, सुरू केली आणि कमिशनचा दर उदाहरणापुरता वर्षाला ०.८ टक्के धरला. बाजारातील चढउतार बाजूला ठेवले, तर वर्षअखेरीस १२ लाख रुपये जमतात, पण त्या संपूर्ण वर्षाचे कमिशन भरते जेमतेम पाच-सव्वापाच हजार रुपये.

हे संत्र्याच्या बागेसारखे आहे. पहिली काही वर्षे फक्त जोपासना करावी लागते. म्हणून शेती, शिकवणी, सेवा केंद्र किंवा एखादी नोकरी असे दुसरे उत्पन्न किमान चार-पाच वर्षे सोडू नये. ज्यांनी ते सोडले, ते घरखर्चाच्या ओढीने जास्त कमिशनच्या विमा योजना गळ्यात मारू लागतात आणि गावाचा विश्वास तिथेच संपतो.

वितरक असताना सल्लागाराची पाटी लावणे

वितरकाला फंड कंपनी कमिशन देते. सेबी-नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार ग्राहकाकडून शुल्क घेतो, त्याच्यासाठी २०१३ चे वेगळे नियम आहेत आणि एनआयएसएमच्या दहा-अ व दहा-ब या परीक्षा आहेत. एकाच ग्राहकाकडून सल्ल्याचे शुल्क घेणे आणि त्याच्याच गुंतवणुकीवर कमिशनही मिळवणे चालत नाही. दुकानाच्या पाटीवर, व्हिजिटिंग कार्डावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर नोंदणी नसताना ‘सल्लागार’ लिहिले असेल, तर ते आजच काढावे.

शेतकऱ्याला पगारदाराची एसआयपी देणे

आपल्याकडील सर्वांत मोठी व्यावहारिक चूक ही आहे. कापसाचा पैसा दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत तुकड्यातुकड्यांनी येतो, सोयाबीनचा ऑक्टोबरच्या आसपास येतो, संत्र्याचा आंबिया आणि मृग बहाराप्रमाणे येतो, आणि जून महिन्यात बी-बियाणे व खतांमध्ये खाते रिकामे होते. अशा घराची दर महिन्याच्या पाच तारखेची एसआयपी जुलै-ऑगस्टमध्ये परत जाणारच, आणि प्रत्येक वेळी बँक दंड कापते. हप्ता परत गेला, तर आधी चुकारे कोणत्या खात्यात पडतात ते पाहावे. सीसीआय या सरकारी कापूस महामंडळाला विकलेल्या कापसाची रक्कम आधार जोडलेल्या खात्यात जमा होते आणि एसआयपीची परवानगी अनेकदा दुसऱ्याच बँकेच्या खात्यावर दिलेली असते. यावर उपाय असा की, विक्रीनंतर हाती आलेल्या रकमेतील ठरलेला भाग एकदाच लिक्विड फंडात, म्हणजे अगदी अल्प मुदतीच्या रोख्यांत पैसा ठेवणाऱ्या फंडात, ठेवावा आणि तिथून दरमहा थोडी रक्कम दुसऱ्या योजनेत वळवावी, म्हणजे पावसाळ्यात बँक खात्यावर ताण येत नाही.

त्याआधी कर्जाची चौकशी केलीच पाहिजे. राज्यात ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्याला डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याजाचा भार पडत नाही. एसआयपी भरण्याच्या नादात त्याची परतफेड चुकली, तर आपण त्याचे नुकसान केले असा त्याचा सरळ अर्थ आहे. सावकाराचे देणे असलेल्या माणसाला शेअरमध्ये गुंतवणारा इक्विटी फंड सुचवणे तर अक्षम्य आहे. त्याला आधी देणे फेडायला सांगावे, मग त्यात आपले कमिशन गेले तरी चालेल.

कागदपत्रे आणि रोख रक्कम

केवायसी अडकण्याचे नेहमीचे कारण म्हणजे पॅन आणि आधारवरील नावांतील फरक. एकीकडे वडिलांचे नाव मध्ये असते, दुसरीकडे नसते, कुठे ‘राव’ जोडलेले असते तर कुठे गाळलेले. अर्ज भरण्यापूर्वी दोन्ही कार्डे शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे. काही सहकारी बँकांच्या खात्यांवर ऑनलाइन परवानगी नोंदवता येत नाही, तेही आधीच विचारून घ्यावे.

ग्राहकाकडून रोख घेऊन स्वतःच्या खात्यातून त्याच्या नावे पैसे भरणे कधीही करू नये. फंड कंपन्या तिऱ्हाइताच्या खात्यातून आलेला पैसा स्वीकारत नाहीत, आणि वाद झाला तर आपल्या बाजूने कोणताही पुरावा नसतो. ‘इतके टक्के नक्की मिळतील’ हे वाक्यही तोंडातून निघता कामा नये. पीएसीएल कंपनीने एजंटांच्या जाळ्यातून गोळा केलेले ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश सेबीने २०१४ मध्ये दिला. ज्या गावांत तो पैसा अडकला, तिथल्या लोकांना कंपनीचे संचालक दिसले नाहीत, त्यांना फक्त शेजारचा एजंट दिसला. आज नव्या वितरकाकडे गाव संशयाने पाहते, त्यामागे हे आहे.

मोबदल्याच्या रकमेवर तुटून पडणे

समृद्धी महामार्गासाठी वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा या जिल्ह्यांत आणि कोळसा खाणींसाठी चंद्रपूर व वणी परिसरात जमिनी गेल्या, तेव्हा ज्या घरांनी कधी लाखाची ठेव पाहिली नव्हती त्यांच्या खात्यात मोठमोठ्या रकमा आल्या. अशा घरी पहिल्याच आठवड्यात अर्ज घेऊन जाणारा वितरक आणि गाडीच्या शोरूमचा माणूस यांत त्या कुटुंबाला फरक दिसत नाही. पहिले तीन-चार महिने ती रक्कम मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात राहू द्यावी. तेवढ्या काळात पर्यायी जमीन घ्यायची आहे का, बहिणींसह वारसांचे हिस्से लेखी ठरले आहेत का, कोणती कर्जे बाकी आहेत आणि कराबाबत सनदी लेखापालाचे म्हणणे काय आहे, हे घरच्या सर्वांना, विशेषतः घरातील बायकांना, समोर बसवून लिहून काढावे. वर्षभराचा घरखर्च वेगळा काढल्यानंतर जे उरेल, त्याचाच दीर्घ मुदतीसाठी विचार करावा, आणि तोही अनेक महिन्यांत विभागून.