संगणकासमोर बसून मान आणि पाठ धरू नये म्हणून बैठक कशी बसवावी

संगणकावर रोज सात-आठ तास काम करणाऱ्या माणसाची मान अवघडू लागली, की त्याला सर्वांत आधी मिळणारा सल्ला म्हणजे ‘ताठ बसत जा’. गेल्या अनेक वर्षांत मी स्वतःची आणि कित्येक सहकाऱ्यांची बैठक मोजून बसवून दिली आहे, आणि या सल्ल्याने कोणाचेही दुखणे थांबलेले मी पाहिलेले नाही. टेबल चुकीच्या उंचीवर असेल, तर निश्चयाने ताठ बसलेला माणूस दहा मिनिटांत पुन्हा पोक काढतो, कारण हातांना कळफलक गाठायचा असतो, डोळ्यांना अक्षरे गाठायची असतात आणि बाकीचे शरीर त्यांच्या मागे फरफटत जाते. म्हणून बसण्याच्या सवयीला दोष देण्याआधी मोजपट्टी हातात घ्यावी.

बैठक बसवताना बहुतेक जण स्क्रीनपासून सुरुवात करतात, मीही तशीच केली होती. ही सुरुवातच चुकीची आहे. सुरुवात कोपरापासून करावी, कारण कोपराची उंची आपल्या शरीराने ठरवलेली असते आणि ती बदलता येत नाही. खुर्ची, टेबल, स्क्रीन या सगळ्यांना तिच्या हिशेबाने हलवावे लागते.

आधी खुर्ची अशा उंचीवर आणावी, की दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतील. कामाच्या वेळी जी पादत्राणे पायांत असतात तीच मोजताना असू द्यावीत. बूड खुर्चीच्या पाठीला लागेपर्यंत मागे सरकावे. बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यामध्ये दोन-तीन बोटे सहज मावली पाहिजेत. मावत नसतील तर ती बैठक आपल्यासाठी फार खोल आहे, आणि अशा खुर्चीत पाठ कधीच टेकली जात नाही. त्या वेळी पाठीमागे घट्ट उशी लावून बैठकीची खोली कमी करावी.

आता खांदे सैल सोडून दंड शरीरालगत लोंबते ठेवावेत, डोळे मिटावेत आणि हात कोपरात दुमडून पुढे आणावेत. डोळे मिटायचे ते एवढ्यासाठी, की समोरचे टेबल दिसत असले तर खांदे आपोआप त्याच्या उंचीला वर चढतात. या स्थितीत जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणाकडून तरी मोजून घ्यावे. स्वतः मोजू गेल्यास खांदा कलतो आणि आकडा चुकतो.

माझे हे माप ६५ सेंटीमीटर आले. माझे टेबल ७४ सेंटीमीटर उंच होते आणि कळफलकाची जाडी २ सेंटीमीटर, म्हणजे माझी बोटे कोपरापेक्षा ११ सेंटीमीटर वर काम करत होती. बाजारातली बहुतेक टेबले ७२ ते ७५ सेंटीमीटर उंचीची असतात. ती उंची उंच माणसाला बरी पडते, पण मध्यम किंवा कमी उंचीच्या माणसाला, विशेषतः बहुसंख्य स्त्रियांना, ती फार होते. मधले अंतर भरून काढायला खांदे कानांकडे उचलले जातात आणि दिवसभर तसेच राहतात. उचललेल्या अवस्थेत सतत आवळून राहिलेल्या स्नायूतला रक्तपुरवठा कमी होतो, आणि संध्याकाळी मानेपासून खांद्यापर्यंतचा पट्टा दोरीसारखा ताठ लागतो. हे दुखणे मानेत जाणवते म्हणून लोक उशी बदलतात, मानेचे पट्टे घेतात, मालिश करवून घेतात. मी हे सगळे जवळजवळ दोन वर्षे केले. कारण मात्र माझ्या हातांखाली होते आणि ते मोजायचे मला सुचले नव्हते.

फरक कळला तरी उपाय सोपा नसतो, आणि माझी खरी फसगत इथेच झाली. टेबल उंच आहे तर खुर्ची उंच करू, असा साधा विचार करून मी खुर्ची वर घेतली. आठवड्याभरात खांदे मोकळे झाले आणि मी समाधान मानले. तिसऱ्या आठवड्यात कंबर धरली. खुर्ची उंच झाल्यामुळे माझे पाय अधांतरी राहू लागले होते. चवडे तरी जमिनीला लागावेत म्हणून मी नकळत बैठकीच्या पुढच्या कडेवर सरकत होते. तसे सरकल्यावर पाठीचा आधार सुटत होता, बैठकीची हाडे मागे कलंडत होती आणि कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होऊन सगळा भार खालच्या मणक्यांवर येत होता. मानेचे दुखणे देऊन मी कमरेचे दुखणे विकत घेतले होते. म्हणून माझी कळकळीची सूचना आहे, की पायाखाली आधार तयार असल्याशिवाय खुर्ची वर घेऊ नये. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कराव्यात.

पायाखालच्या आधाराची उंची कोष्टकात शोधत बसू नये. खुर्ची इतकी वर घ्यावी, की कोपर आणि कळफलकाचा पृष्ठभाग एका पातळीत येतील किंवा कोपर बोटभर वर राहील. त्यानंतर जाड पुस्तके किंवा फळ्या एकेक करून पायांखाली रचत जावे. प्रत्येक वेळी गुडघ्याजवळ मांडीखाली तळहात सरकवून पाहावा. हात अडकत असेल आणि मांडी कडेवर दाबली जात असेल तर आधार अजून कमी आहे. उलट मांडी बैठकीवरून उचलली जात असेल आणि गुडघे कमरेपेक्षा वर दिसत असतील तर आधार जास्त झाला आहे. ही दुसरी चूक पहिलीइतकीच वाईट, कारण गुडघे वर गेले की बैठकीची हाडे पुन्हा मागे कलंडतात. तळहात न दाबता आत जातो आणि मांडीचा स्पर्शही जाणवतो, ती उंची बरोबर. ती मोजून तेवढ्या उंचीचा भक्कम, न सरकणारा आधार करून घ्यावा.

तो रुंदही असावा. मी सुरुवातीला जेमतेम दोन पावले मावतील एवढा लहान खोका वापरला होता. त्यावर पाय दिवसभर एकाच जागी खिळून राहत आणि दुपारनंतर पोटऱ्या भरून येत. पाय पुढे-मागे करता यावेत, एक पाय लांब करता यावा, एवढी लांबी-रुंदी आवश्यक आहे. पाय खुर्चीखाली घेऊन चाकांच्या दांड्यांवर टेकवण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी ती सुटेपर्यंत स्वतःवर लक्ष ठेवावे. कितीही चांगला आधार समोर ठेवला तरी या सवयीपुढे तो वाया जातो.

खुर्ची पुरेशी वर जातच नसेल तर बैठकीवर घट्ट उशी टाकता येते, पण तिने पाठीचा कमरेजवळचा फुगवटा आणि हात ठेवायच्या दांड्या आपल्या मानाने खाली जातात, म्हणून त्याही पुन्हा लावून घ्याव्यात. मऊ, दबणारी उशी वापरू नये. माझ्या मते या सगळ्यापेक्षा चांगला उपाय टेबल खाली आणण्याचा आहे. लाकडी टेबलाचे पाय सुताराकडून कापून घेता येतात, आणि मी शेवटी तेच केले. कापण्यापूर्वी कोपराच्या मापातून कळफलकाची जाडी वजा करावी, आणि त्या उंचीला टेबलाखाली मांड्या मोकळ्या राहतात का हे नीट पाहावे. टेबलाला खालून ड्रॉवर किंवा जाड पट्टी असेल तर टेबल खाली आल्यावर गुडघे तिला आपटतात, मग माणूस मागे सरकून बसतो आणि हात लांबवतो. अशा टेबलाचे पाय कापू नयेत. उंच माणसांची अडचण याच्या उलट असते. त्यांनी टेबलाच्या पायांखाली ठोकळे द्यावेत, ते काम अर्ध्या तासाचे आहे.

खुर्चीच्या हाताच्या दांड्यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. त्या कोपरापेक्षा वर असतील किंवा टेबलाच्या कडेला आपटून खुर्ची आत जाऊ देत नसतील, तर काढून टाकाव्यात. उंच दांडीवर कोपर टेकून खांदा दिवसभर वर ढकलून ठेवणे, यापेक्षा दांडी नसणे केव्हाही चांगले.

एवढे झाल्यावर पाठीचा प्रश्न बराच सोपा होतो. पाठ, मांड्या आणि गुडघे यांचे काटेकोर काटकोन करून बसलेल्या माणसाची चित्रे सगळीकडे दिसतात, पण त्या चित्राबरहुकूम बसण्याचा हट्ट धरू नये. अमेरिकन शल्यविशारद जे. जे. कीगन यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्ष-किरण अभ्यासात असे दाखवले होते, की कमरेचा बाक सर्वांत सहज असतो तो धड आणि मांडी यांच्यातला कोन सुमारे १३५ अंश असताना, आणि काटकोनात बसल्यावर तो बाक सपाट होऊ लागतो. १३५ अंशांत बसून टंकलेखन होणार नाही, हे उघड आहे, पण खुर्चीची पाठ १०० ते ११० अंशांपर्यंत मागे कलती ठेवून तिच्यावर मोकळेपणाने रेलता येते. १९९९ मध्ये विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या मणक्यांमधल्या चकतीत दाबमापक बसवून दिवसभराच्या हालचालींत होणारा दाब मोजला होता. त्यात खुर्चीत मागे रेलून सैल बसल्यावर दाब ताठ बसण्यापेक्षा कमी भरला. मापन एकाच माणसाचे असले, तरी ‘टेकून बसणे म्हणजे आळस’ या समजुतीला धक्का द्यायला ते पुरेसे आहे. कमरेचा फुगवटा पट्ट्याच्या पातळीला लागतो याची तेवढी खात्री करावी. तो वर सरकून बरगड्यांना टोचत असेल तर त्याचा उपयोग नाही.

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी आणि अंतर साधारण हातभर असावे. द्विकेंद्री किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असणाऱ्यांनी मात्र स्क्रीन यापेक्षाही खाली घ्यावी. ते भिंगाच्या खालच्या भागातून वाचतात, आणि स्क्रीन उंच असली की हनुवटी वर करून मान मागे मोडून बसतात. डोके साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे असते, ते धडाच्या पुढे जितके झुकते तितके मानेच्या मागच्या स्नायूंना ते तोलून धरावे लागते. स्क्रीन लांब असेल तर ती जवळ ओढावी किंवा अक्षरे मोठी करावीत. अक्षरे मोठी करण्याचा उपाय लोक का टाळतात, हे मला आजवर कळलेले नाही.

लॅपटॉपमध्ये स्क्रीन आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असल्यामुळे, एक योग्य उंचीवर आणला की दुसरा चुकतो. रोज दोन तासांपेक्षा जास्त काम असेल तर वेगळा कळफलक आणि माउस घ्यावेत आणि लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर चढवावा. याला दुसरा पर्याय नाही.

कळफलकाच्या मागच्या बाजूचे छोटे पाय मिटलेले ठेवावेत, कारण ते उघडले की मनगट वरच्या दिशेने मोडते. माउस कळफलकाला खेटून असावा. उजवीकडे आकड्यांचा भाग असलेल्या कळफलकामुळे माउस वीतभर दूर जातो, आणि उजव्या हाताने माउस चालवणाऱ्या ज्यांचा फक्त उजवाच खांदा दुखतो त्यांनी सर्वांत आधी हे तपासावे. आकडे सारखे भरायचे नसतील तर तो भाग नसलेला आखूड कळफलक घ्यावा.

बैठक बिनचूक असली तरी तिच्यात तासन्‌तास गोठून बसणे शरीराला मानवत नाही. प्रौढ माणसाच्या मणक्यांमधल्या चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. त्यांचे पोषण आजूबाजूच्या भागातून झिरपत येते, आणि हालचाल आणि भारातला बदल त्याला मदत करतात. म्हणून दर अर्ध्या तासाने उठावे. मिनिटभर उभे राहून चार पावले चालणे पुरते, पण ते खरोखर उठून केले पाहिजे. गजर लावला तर तो दोन दिवसांत ऐकू येईनासा होतो, त्यापेक्षा पाण्याचा पेला टेबलावर न ठेवता दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि फोनवर बोलताना उभे राहण्याचा नियम करावा. उभ्याने काम करायचे टेबल चांगले आहे, पण त्यावर दिवसभर उभे राहिल्यास दुखणे फक्त कमरेतून पायांत उतरते. खांदे मागे खेचणाऱ्या पट्ट्यांवर पैसे घालवू नयेत, टेबल उंच असेल तोवर ते पट्टे आणि टेबल एकमेकांविरुद्ध ओढत राहतात आणि मध्ये आपला खांदा सापडतो.

नवी बैठक लावल्यावर पहिले आठ-दहा दिवस पाठीला वेगळ्याच जागी थकवा जाणवतो. तो हळूहळू ओसरत असेल तर काळजी करू नये आणि घाईने जुन्या मांडणीकडे परतू नये. हातापायांत मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, पकड सैल होत असेल, दुखण्याने रात्री झोपमोड होत असेल, तर मोजपट्टी बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे. कंबरदुखीबरोबर पायांतली ताकद कमी झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पादत्राणे बदलली, कळफलक बदलला किंवा खुर्चीची बैठक वापरून दबली, तर कोपराचे माप पुन्हा घ्यावे. माझ्या खुर्चीची बैठक तीन वर्षांत २ सेंटीमीटर खाली दबली होती, आणि ते मला सांगितले पुन्हा दुखू लागलेल्या खांद्याने.