घरातला मोडी कागद वाचायचाय? मग सवय अशी लावा

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या जुन्या मराठी घरांत मोडी, म्हणजे पूर्वी मराठी लिहायला वापरत त्या जोडलिपीतले, कागद अजून निघतात: पणजोबांची पत्रे, एखादे खरेदीखत, जमाखर्चाची वही. ते वाचायचे म्हणून बरेच जण बाराखडी घोटायला बसतात आणि महिन्याभरात वही बंद पडते. बाराखडीचे कोणालाच वेड नसते, ओढ असते ती कागदाची. म्हणून अभ्यास कागदापासूनच सुरू करावा.

आधी एकच कागद निवडा, एका पानाचा, शाई ठसठशीत असलेला. वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न लिहा: 'हे घर कोणी कोणाला विकले आणि केवढ्याला?' 'मोडी शिकायची' एवढेच लिहिले तर आज किती पुढे सरकलो ते कधीच कळत नाही. कागदाचा फोटो खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढा आणि दुप्पट मोठी छापील प्रत काढून घ्या. सराव त्याच प्रतीवर. मूळ कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको.

आता क्रम. खरेदीखत असेल तर चतुःसीमेपासून, म्हणजे जागेच्या चारही बाजूंना काय आहे त्या वर्णनापासून, सुरू करा. पूर्वेस, पश्चिमेस, उत्तरेस, दक्षिणेस हे चार शब्द तिथे असणारच, हे आधीच ठाऊक असते. ते सापडले की दहाएक अक्षरांची वळणे हाती येतात. पत्र असेल तर 'साष्टांग नमस्कार', 'विनंती विशेष' असे ठरलेले मजकूर आधी शोधा. मोडीत शिरोरेषा आधी ओढून अक्षरे तिच्याखाली लिहितात, लेखणी फारशी उचलत नाहीत, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळत नाहीत. नवशिका अडखळतो तो अक्षरापेक्षा शब्द कुठे तुटतो यावरच जास्त. म्हणून शब्द ओळखला की प्रतीवर पेन्सिलीने उभी रेघ मारा. बाराखडीचा तक्ता शेजारी असू द्या, अडले की बघायला.

वेळ रोज १५ मिनिटे, ओळी दोन. 'संध्याकाळी जमेल तेव्हा' असे ठरवले की जमत नाही. 'चहाचा कप विसळून ठेवला की त्याच टेबलावर प्रत उघडायची' असे रोजच्या एखाद्या कामाला बांधून टाका. प्रत आणि पेन्सिल तिथेच हवी. कपाटातून काढावी लागली की दोन दिवसांत आळस होतो.

सर्वांत जास्त घात होतो तो देवनागरी लिप्यंतर समोर ठेवून वाचल्याने. डोळा आपोआप देवनागरीवर जातो आणि मोडी वाचल्याचा नुसता भास होतो. लिप्यंतर झाका, चुकले तरी आधी स्वतः वाचा, मग पडताळा. अडलेले अक्षर वहीत पाच वेळा गिरवा. तेच दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने न बघता लिहून पाहा. एका बैठकीत पन्नास वेळा गिरवण्यापेक्षा हे पक्के बसते.

सवय २१ दिवसांत लागते, या समजुतीवर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी खाण्यापिण्याच्या व व्यायामाच्या सवयी तपासल्या, तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले. कोणाला १८ पुरतील असे दिसले, कोणाला २५४ लागतील. एखादा दिवस चुकल्याने त्यात विशेष बिघडले नव्हते. तेव्हा गणपतीत चार दिवस राहिलेच, तर भरपाई म्हणून आठ ओळींचा डोंगर उपसू नका. पाचव्या दिवशी दोनच ओळी.

दर रविवारी वाचून झालेला मजकूर घरातल्या थोरांना मोठ्याने वाचून दाखवा. नावे, वाड्यांच्या खुणा, नाती त्यांच्याकडूनच उलगडतात आणि पुढे काय लिहिलेय याची उत्सुकता सगळ्या घराला लागते.

पहिला कागद संपला की दुसरा शक्यतो त्याच लेखकाच्या हातचा घ्या. हात बदलला की वळणे बदलतात आणि वेग एकदम मंदावतो. ते तिसऱ्या कागदावर सोपवा.