झिजलेल्या ग्रीक नाण्यावरचा समुद्रदेव ओळखताना

झिजलेल्या ग्रीक कांस्य नाण्यावरचा दाढीवाला चेहरा देवांचा राजा झ्यूसचा की समुद्रदेव पोसायडनचा, हे चटकन कळत नाही. चेहऱ्यावर डोळे शिणवू नका, नाणं उलटवा.

१. खोलीत अंधार करा. मोबाइलचा टॉर्च नाण्याच्या कडेशी, जवळजवळ आडवा धरा.
२. नाणं हळूहळू फिरवा. वरून सपाट वाटणाऱ्या भागातही बारीक सावल्या उमटतात.
३. त्रिशूळ शोधा, ती पोसायडनची खूण. सिसिली बेटावरच्या सिराक्यूज या ग्रीक नगराचा राजा दुसरा हिएरॉन (सुमारे इ.स.पू. २७०–२१५) याच्या अशा नाण्यांवर त्रिशूळाच्या दोन्ही अंगांना डॉल्फिन असतात. वळलेली शेपटी दिसली तरी पुरे! पुढच्या बाजूला देवाच्या केसांना पट्टी बांधलेली असते.

चिंच-लिंबाने मात्र अजिबात घासू नका. पूजेच्या तांब्याला ते चालतं. इथे हिरवट थरासोबत उरलंसुरलं चित्रही जातं.