आजीच्या इरकलीनं जुन्या खुर्च्या कशा मढवायच्या

कोल्हापुरात शिवाजी पेठेत एका घरातलं सामान काढत होते तिथनं चार सागवानी खुर्च्या घेतल्या, डायनिंगच्या, रेक्झिन फाटलेलं, आतला फोम बोटानं दाबला की पिवळा भुगा पडायचा, पण लाकूड इतकं घट्ट की नखानं ओरखडा उठत नव्हता. आणि घरी ट्रंकेत आजीची इरकल साडी, आता ती नेसायची कुणी नाही आणि टाकायची तर हिंमत होत नाही. त्या चारी खुर्च्या आता रोजच्या जेवणाला वापरात आहेत, आल्यागेलेल्यांना आवडतात, कसं केलं म्हणून विचारतात, म्हणून एकदा नीट सगळं लिहितेय.

कापडाचा विचार नंतर, आधी खुर्ची बघा. उलटी करून पाय हलवून बघा, नुसता सांधा सैल असेल तर हरकत नाही, पण लाकडाला बारीक भोकं असतील आणि खाली पिठासारखी पूड पडत असेल तर किडा अजून आत आहे, ती खुर्ची घेऊ नका. शिवणीत आणि स्क्रूच्या भोकाशी काळे ठिपके दिसले तर ढेकूण, ती पण नको. आपल्याकडं अजून एक बघावं लागतं, 2019 आणि 2021 चा पूर. पाण्यात राहिलेलं सागवान वाळलं की बऱ्याचदा वापरता येतं, पण प्लायचे थर सुटले किंवा भुशाचा बोर्ड फुगला की तो परत बसत नाही, मग वरनं कितीही छान कापड लावा.

सीट खालनं साधारण चार स्क्रूवर बसवलेली असते. काढताना सीटच्या खाली आणि चौकटीच्या आतल्या बाजूला 1, 2, 3, 4 असे नंबर टाका, कारण चारी खुर्च्या एकसारख्या दिसल्या तरी एकीची भोकं दुसरीला जुळत नाहीत. जुनं रेक्झिन चपट्या स्क्रूड्रायव्हरनं आणि पकडीनं सावकाश काढा, फाडू नका, तोच तुमचा कटिंगचा नमुना आहे. फोम मात्र सरळ टाकून द्या.

सैल सांध्यातला जुना वाळलेला गोंद खरवडायचा, फेविकॉल भरायचं आणि चारी पायांभोवती सुतळीचे दोन वेढे घेऊन मध्ये एक काडी घालून पिळायचं, सुतळी आवळत जाते आणि सांधा गच्च बसतो. एक दिवस हात लावायचा नाही. मग पॉलिश पेपर, आधी 120 नंबर, मग 220, रेषेच्या दिशेनंच घासायचं. चंद्रसाचं, म्हणजे राळेचं, पॉलिश करणार असाल तर आपल्या पावसाळ्यात करू नका, हवेतल्या ओलीनं त्यावर पांढुरकी झाक येते. दसऱ्यानंतर बेस्ट.

आता कापड, आणि खरं काम इथंच आहे. जुनं कापड दिसायला कितीही चांगलं असलं तरी त्याच्यात आता वजन पेलायची ताकद नसते. मी पहिली सीट नुसत्या साडीनं मढवली होती, दोन महिन्यांत पुढच्या कडेला, जिथं मांडी घासते तिथं, बरोबर उभी चीर गेली. तेव्हापासनं नियम असा की वजन पेलायला खाली मांजरपाट, म्हणजे जाडं कोरं सुती कापड, आणि बघायला वर साडी. कोरं कापड आपल्याला लांब जाऊन शोधायला लागत नाही, इचलकरंजी शेजारीच आहे. सोलापुरी चादर, जीन्स, जाड पडदा असेल तर अस्तराशिवाय चालतं. रेशमी साडी घडीवर विरलेली असते, ती बसायच्या जागी वापरूच नका, पाठीला किंवा उशीला ठीक.

साडी उजेडासमोर धरून बघा, जिथं पलीकडचं स्पष्ट दिसतं तो भाग विरलाय. नऊवारीत बसायच्या जागेचा भाग सगळ्यात झिजलेला असतो, निऱ्यांचा आणि पदराचा चांगला निघतो. कापायच्या आधी साडी आणि मांजरपाट दोन्ही धुवून वाळवून इस्त्री करा, आटायचं ते आधीच आटू दे. लाल रंग जातोय का ते ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा, जात असेल तर ती साडी सीटला नको, पाहुण्यांचे कपडे खराब होतील.

माप सोपं आहे. सीट 18 इंच, फोम 2 इंच, खाली दुमडायला 3 इंच, म्हणजे 18 अधिक दोन्हीकडचे 5-5, एकूण 28 इंच चौरस. चार सीटला लांबीत 112 इंच, सव्वातीन वारात बसतं. फोम 40 डेन्सिटीचा घ्या, हलका घेतला तर वर्षात खड्डा पडतो.

फोमवर आधी मांजरपाट ताणून स्टेपल गननं पिना मारा, मग साडी. साडी ताणायची नाही, नुसती सपाट बसवायची, ताण सगळा अस्तराला. सीटच्या आणि कापडाच्या मध्यावर खडूची खूण करा. पहिली पिन पुढच्या बाजूच्या मध्यावर, दुसरी बरोबर समोर मागं, मग डावी, उजवी, आणि मध्यापासनं कोपऱ्याकडं सरकत जायचं, दर चार पिनांनी सीट सुलटी करून साडीवरचा चौकडा, म्हणजे चौकटींची नक्षी, सरळ आहे का बघायचं. एका बाजूच्या सगळ्या पिना आधी मारल्या की चौकडा तिरका गेलाच म्हणून समजा. काठ सीटवर घेणार असाल तर त्याची बाजू आधी पक्की करा, काठ साडीच्या अंगापेक्षा कमी ओढला जातो आणि नंतर चुण्या पडतात. कोपरा शेवटी, टोक आत ओढून एक पिन, दोन्हीकडं एकेक चुणी, आतलं जादा कापड कापून टाकायचं. स्टेपल गन नसेल तर बारीक खिळे, म्हणजे चुका, पण चालतात, फक्त सीटच्या प्लायच्या जाडीपेक्षा आखूड घ्या.

सीट चौकटीत खोबणीत बसणारी असेल तर दोन कापडांमुळं अडकते, हातोडी मारू नका, चौकट फाटते, प्लायची कड कानशीनं थोडी घासा, आणि हे कापड लावायच्या आधीच करून बघा.

खालनं पिना झाकायला काळं कापड लावतात ते लगेच लावायची घाई नको. आठवडाभर रोज बसा, नवीन फोम थोडा दबतो आणि कापड सैल पडतं, मग तेवढ्याच बाजूच्या पिना काढून परत ओढून घ्या आणि मग काळं कापड ठोका.