व्हर्च्युअल मशीनमधला क्लिपबोर्ड: माझा अनुभव
खानापुरातील आमच्या छपाईच्या दुकानात मराठी-कन्नड पत्रिकांच्या जुळणीसाठी लिनक्स संगणकावर विंडोजचे व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा संगणक) चालते. मात्र त्या मशीनचा पडदा दाखवणाऱ्या रिमोट व्ह्यूअर या प्रोग्राममधून एकीकडे कॉपी केलेला मजकूर दुसरीकडे पेस्ट होत नसे. व्ह्यूअरच्या सेटिंग्ज धुंडाळण्यात अर्थ नव्हता, कारण स्पाइस या मशीनचा पडदा बाहेर दाखवण्याच्या पद्धतीत क्लिपबोर्डची देवाणघेवाण मशीनच्या आत चालणारा ‘एजंट’ हा छोटा प्रोग्राम करतो आणि त्याला बाहेरच्या संगणकाशी बोलण्यासाठी स्वतंत्र चॅनेल लागतो. मशीन बंद करून व्हर्ट-मॅनेजर या व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये डिस्प्ले व्हीएनसी या दुसऱ्या पद्धतीऐवजी स्पाइस केला, एजंटसाठीचा ‘स्पाइसव्हीएमसी’ चॅनेल जोडला आणि विंडोजमध्ये एजंट असलेली स्पाइस गेस्ट टूल्स बसवली. (आत लिनक्स असल्यास ‘स्पाइस-व्हीडीएजंट’ पॅकेज घ्यावे.) आता कन्नड जोडाक्षरांसह युनिकोड (सर्व लिपींसाठीची सामायिक संकेतप्रणाली) मजकूर दोन्ही दिशांनी जातो, जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांतील मजकुरासाठी मात्र तो फॉन्ट दोन्हीकडे असावाच लागतो.